पद पाठ झालंय, पण बोलता येतंय का?

वाचकांचे प्रश्न : नाटक बसवताना

५ नोव्हेंबर, म्हणजे रंगभूमी दिन, जवळ यायला लागला की सांगली-साताऱ्याकडून प्रश्नांची रीघ लागते. यावेळी बहुतेक पत्रं एकाच विषयावर आलीत, तरुण पोरापोरींना घेऊन जुनं संगीत नाटक बसवायचं तर कसं. त्यातली निवडक घेतोय, नावं न छापता.

प्रश्न : सर नमस्कार. विश्रामबागेत आमचा नाटकाचा ग्रुप आहे, वयं १४ ते २२. आजवर एकांकिका केल्या, यंदा जुनं संगीत नाटक करायचं डोक्यात आहे. मुली तेरा, मुलगे सहा, गाणं शिकणाऱ्या तिघीच. घरची मोठी माणसं म्हणतायत सौभद्र करा नाहीतर स्वयंवर, आणि पोरं म्हणतायत एवढं जुनं बघणार कोण. मी स्वतः संगीत नाटक कधी बसवलेलं नाही. कुठलं घेऊ?

उत्तर : शारदा घ्या. आता का ते सांगतो.

तुम्ही मुलामुलींचा आकडा दिलात ते फार बरं केलं. बहुतेक जण आधी नाटक ठरवतात आणि मग त्यात पोरं कोंबतात. स्वयंवर १९१६ चं, खाडिलकरांचं, म्हणजे आपल्याच सांगलीच्या माणसाचं, अभिमान आहेच, पण चाली भास्करबुवा बखल्यांच्या आणि गाणार बालगंधर्व, म्हणजे ती पदं, नाटकातली गाणी, मुळातच रागदारीत मुरलेल्या गळ्यासाठी बांधलेली. दोनतीन वर्षं क्लासला गेलेल्या मुलीला ती दिली की ती बिचारी अख्खा प्रवेश पुढच्या तानेच्या टेन्शनमध्ये काढते आणि रुक्मिणी कुठं दिसतच नाही. मानापमानचं पण तेच. सौभद्र माझं स्वतःचं सगळ्यात लाडकं, अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्यात साक्या-दिंड्या, म्हणजे जुन्या वळणाचे सोपे छंद, भरपूर घातल्यात त्यामुळं चाली तशा सोप्या, पण पदं शंभराच्या वर आणि अर्जुन, कृष्ण, नारद असे दमाचे गाणारे मुलगे लागतात, तुमच्याकडं मुलगेच सहा आणि त्यातला एक तरी ऐन प्रयोगाच्या वेळी परीक्षेला जाणार.

शारदा १८९९ चं. लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल, जन्म हरिपूरचा, विश्रामबागेतून गाडी काढली तर संगमावर किती वेळात पोचता तुम्हाला माहितेय. एका रविवारी पोरांना घेऊन तिकडं जा आणि पहिलं वाचन घाटावरच करा. यात भावनिक काही नाही, नदी म्हणजे काय, घाट म्हणजे काय, भटजीचं घर कसं असेल हे पोरांना डोळ्यासमोर येतं आणि नंतर सेटवर तुमचे पैसे वाचतात.

गोष्ट सगळ्यांना माहीत असते असं आपण धरून चालतो, पोरांना नसते, म्हणून थोडक्यात: कांचनभट पैशाच्या लोभानं आपली लहान मुलगी शारदा हिचं लग्न पाऊणशे वर्षांच्या श्रीमंत भुजंगनाथाशी ठरवतो, मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित. आता यात तुमच्या तेरा मुलींना काय आहे, तर शारदेच्या मैत्रिणींचं टोळकं आहे, आई आहे, घरातल्या बायका आहेत, आणि मैत्रिणींच्या तोंडची पदं साध्या चालीची आहेत, चारपाच जणींनी मिळून म्हटली तरी बिघडत नाही. मुलगे सहा बास होतात, छोटी कामं एकानंच दोन-दोन करायची.

आणि जुनं कोण बघणार म्हणणाऱ्या पोरांना भद्रेश्वराचा प्रवेश मोठ्यानं वाचायला लावा. स्थळ कसं घसघशीत आहे, वय काय घेऊन बसलात, मुलगी राणीसारखी राहील, हे असलं बोलणं त्यांनी कुणा ना कुणा काकाच्या तोंडून ऐकलेलं असतं. नाटक आलं १८९९ ला, बालविवाहाला आळा घालणारा कायदा आला १९२९ ला, आणि त्यातसुद्धा मुलीचं किमान वय १४ धरलं होतं, म्हणजे तुमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात लहान मुलीएवढं. हे तालमीत एकदा सांगा, पुढं काही समजवावं लागत नाही.

भुजंगनाथ कुणी करायचा यावर भांडणं होतील. वीस-बावीसचा, उंच, अंगानं चपळ मुलगा घ्या, आणि त्याला म्हाताऱ्याचा थरथरता आवाज अजिबात काढू देऊ नका. भुजंगनाथाला स्वतःला म्हातारं दिसायचंच नाहीये, तो नवरदेव म्हणून मिरवतोय. मुलगा ताठ चालायचा प्रयत्न करेल आणि मधेच कंबर धरेल, तेवढं पुरतं. हसू येतं आणि नंतर त्याच हसण्याची भीती वाटते, शारदेची भीती तिथनंच प्रेक्षकापर्यंत पोचते.

कापायचं भरपूर आहे, पाच अंक आजकाल कुणी बसून बघत नाही. अडीच तासांत आणा. पण कापताना एक करा, गद्य वाचवा आणि पदं कमी करा. सगळे उलटं करतात, गाजलेली पदं ठेवतात आणि मधलं बोलणं उडवतात, मग ते नाटक राहत नाही, नाट्यगीतांचा कार्यक्रम होतो, वेषभूषेसकट.

प्रश्न : आमची मुलं यूट्यूबवर ऐकून पदं बसवतात. सूर बरे लागतात पण गाणं सुरू झालं की नाटक थांबतं. सगळे उभे राहतात, गाणारी समोर बघते, बाकीचे तिच्याकडं बघतात. काय करावं? (इस्लामपूर)

उत्तर : सगळ्या पत्रांत कामाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ ला सीतास्वयंवर केलं तेव्हा गायचा सूत्रधार, बाजूला उभा राहून, आणि पात्रं त्याच्या गाण्यावर वावरायची आणि मधेमधे आपल्या मनानं बोलायची. किर्लोस्करांनी १८८० ला शाकुंतल आणलं तेव्हा मोठी उलथापालथ कुठली झाली असेल तर पात्रं स्वतः गायला लागली. ज्याचं दुःख त्याच्याच तोंडात पद. आता तुमची मुलगी समोर बघत उभी राहून गाते तेव्हा ती परत भाव्यांच्या सूत्रधाराची जागा घेते, पात्र बाजूला राहतं. म्हणजे पद हे तिचं बोलणं झालं पाहिजे, इतकंच काम आहे, आणि हे काम गाण्याच्या क्लासमध्ये होत नाही, तालमीतच होतं.

एक उदाहरण घेऊ. शारदेतलं ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’, सगळ्या सांगलीला तोंडपाठ. मुली ते गोड गातात. गोड! अहो ती चेष्टा आहे, खवचट चेष्टा, म्हातारा कसला हो, अवघा पाऊणशेचा, लग्नाला तर अजून लहानच आहे, असं म्हणतायत त्या. तालमीत पेटी बंद ठेवा. मुलींना घोळक्यात बसवा, एकीच्या हातात गजरा द्या, एकीला दुसरीची वेणी घालायला लावा, आणि ते शब्द नुसते बोलायला सांगा, मैत्रिणीच्या ठरलेल्या नवऱ्याबद्दल कॉलेजच्या कट्ट्यावर बोलतात तसे. ‘अवघे’ या शब्दावर कुणीतरी आपोआप भुवई उडवतं, कुणीतरी फिसकन हसतं. ते हसू कुठं आलं ते बघून ठेवा. मग तबलजीला नुसता ठेका धरायला सांगा आणि तेच बोलणं ठेक्यात बसवा, अजून सूर नाही. त्यानंतर चाल. चाल आली की मुली परत गोड होतात, हे होणारच, तेव्हा पेटी थांबवून परत बोलायला लावायचं. आठवडाभर हा खेळ चालतो, मुली वैतागतात, तबलजी तर फारच वैतागतो, त्याला चहा जास्तीचा द्या. पण मग एक दिवस ‘अवघे’ गाण्यातसुद्धा खवचट येतं आणि तिथनं पुढं तुम्हाला काही करावं लागत नाही.

दुसरं म्हणजे पदाच्या आधीचं वाक्य. ऑर्गनवाल्याला सांगा की वाक्य संपायची वाट बघू नको, शेवटच्या चार शब्दांखाली सूर धर, हळू, म्हणजे मुलगी बोलता बोलताच सुरात येते. वाक्य संपलं, शांतता, मग ऑर्गनचा मोठा तुकडा, मग मुलीचा श्वास, मग गाणं, असं झालं की प्रेक्षक खुर्चीत सरसावून बसतो आणि रसिक होतो, आणि नाटकातून बाहेर पडतो.

बाकीच्यांनी काय करायचं? त्यांना काम द्या. ज्याला उद्देशून पद आहे तो ऐकतोय, त्याला काहीतरी पटत नाहीये, तो उठून जायला बघतोय, तिला त्याला थांबवायचंय, म्हणून पुढची ओळ. आलाप ठेवायचा तर तो कशासाठी हे मुलीला सांगता आलं पाहिजे. शब्द सुचत नाहीयेत म्हणून आलाप, चालेल. गुरुजींनी बसवून दिलाय म्हणून, तर काढून टाका, गुरुजी रागावले तर माझं नाव सांगा.

यूट्यूबबद्दल एवढंच म्हणतो की ऐकू दे, पण एकाच पदाची तीनचार वेगवेगळ्या गायकांची रेकॉर्डिंग ऐकवा. एकच ऐकलं की त्या गायकाचा खोकलासुद्धा कॉपी होतो.

आणि वन्स मोअर आला तर? घेऊ नका. जुन्या काळी घ्यायचे, तो काळ वेगळा, गळे वेगळे, आणि प्रेक्षक पहाटेपर्यंत बसायला आलेला असायचा. तुमच्या मुलीला दुसऱ्यांदा गाताना टाळ्या दिसतात, समोरचं पात्र दिसत नाही.

प्रश्न : नायक-नायिकेच्या पट्ट्या जुळत नाहीत. मुलाचं वय १५, आवाज फुटतोय. शिवाय एक जण ट्रॅक आणून देतो म्हणतोय, ऑर्गन-तबला परवडत नाही. (मिरज)

उत्तर : मिरजेत राहून ट्रॅक! तुमच्या गावच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, गल्लीबोळात वाद्यं दुरुस्त करणारी माणसं आणि पेटी-तबला शिकवणारे बसलेत, त्यांच्या एखाद्या शिष्याला विचारून तर बघा, तरुण वादक मंडळींना पण नाटकात वाजवायचं असतं, सगळे पैशासाठी अडून बसत नाहीत. ट्रॅकची अडचण आवाजाच्या क्वालिटीची नाहीये. ट्रॅक थांबत नाही. मुलगी एक ओळ विसरली, समोरच्याचा फेटा पडला, प्रेक्षक मोठ्यानं हसला, अशावेळी ऑर्गनवाला मुखडा परत फिरवून सांभाळून घेतो, ट्रॅक आपला पुढं जातो. अगदीच जमत नसेल तर एक पेटी, एक तबला आणि तंबोऱ्याचं ॲप, बास झालं.

पट्टीचं, म्हणजे कुणी कुठल्या सुराला ‘सा’ धरून गायचं त्याचं, सांगतो. जुन्या नाटकांत नायिकेचं काम पण पुरुषच करायचा, त्यामुळं दोघांचे आवाज जवळपास एकाच उंचीचे असायचे आणि एकाच सुरात अख्खा प्रवेश निभायचा. आता मुलगा मुलगा आहे आणि मुलगी मुलगी, तर दोघांना एकाच पट्टीत ओढलं की एकजण किंचाळतो नाहीतर दुसरी पुटपुटते. मुलगा काळी एक, मुलगी काळी चार (पेटीच्या काळ्या पट्ट्या), असं ठेवून बघा. मुलाचा जो पंचम (प) तोच मुलीचा षड्ज (सा) होतो, ऑर्गनवाल्याला बदल सोपा जातो आणि प्रेक्षकाच्या कानाला धक्का बसत नाही. मुलीला काळी चार चढत असेल तर काळी तीन, मग मुलाचा मध्यम (म) तिचा षड्ज. मोठ्या गायिकेनं अमुक पट्टीत गायलंय म्हणून आपणही, हा हट्ट नको.

पंधरा वर्षांच्या मुलाला मुख्य गाणारं काम सध्या देऊ नका. आवाज फुटत असताना वरच्या सुरांवर जोर लावायला लावला तर गळ्याला त्रास होतो आणि तालमीत हसं झालं की ते पोरगं पुन्हा म्हणून गात नाही. त्याला गद्य काम द्या, भद्रेश्वरासारखं बोलकं. आवाज वाक्यात चिरकला तर चिरकू दे, मध्यस्थाच्या आवाजाला शोभूनच दिसतं.

प्रश्न : जुन्या नाटकाला परवानगी लागते का? कुणाची? (कराड)

उत्तर : लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. किर्लोस्कर गेले १८८५ ला, देवल १९१६ ला, खाडिलकर १९४८ ला, त्यामुळं यांची मूळ नाटकं मोकळी आहेत. मत्स्यगंधा करायचं म्हणाल, वसंत कानेटकर तुमच्याच जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, तर ते जाऊन अजून साठ वर्षं झालेली नाहीत आणि संगीत जितेंद्र अभिषेकीबुवांचं, तिथं वारसांची लेखी परवानगी हवी. जुनं नाटक असलं तरी कुणी अलीकडं संपादित करून छोटं केलेलं स्क्रिप्ट वापरत असाल तर त्या माणसाची परवानगी घ्या, ते काम त्याचं आहे. आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहितेचं प्रमाणपत्र घ्यायचं विसरू नका. तुम्ही कापलेलं, टाइप केलेलं स्क्रिप्ट पाठवायचं, आणि हे काम तालीम सुरू करतानाच करा, शेवटच्या आठवड्यात नको.

प्रश्न : माझी मुलगी गाणं शिकते, चार वर्षं झाली. तिला नाटकात मैत्रिणींच्या घोळक्यात टाकलंय आणि मुख्य काम न शिकलेल्या मुलीला दिलंय. हा अन्याय नाही का? (कुपवाड, एक आई)

उत्तर : ताई, नाही. दिग्दर्शकानं बोलणारी मुलगी बघितली असणार आणि माझ्या मते बरोबर बघितली. बोलता येणाऱ्या मुलीला दोन पदं शिकवता येतात, गाणाऱ्या मुलीला दोन महिन्यांत बोलतं करणं फार अवघड. शिवाय घोळक्यात एक पक्क्या सुराची मुलगी लागतेच, बाकीच्या सगळ्या तिच्या कानावर गातात. तालमीला घ्यायला याल तेव्हा पाच मिनिटं आत येऊन बसा आणि बघा कोण कुणाकडं बघून सूर लावतंय. दिग्दर्शकाला फोन मात्र करू नका, पोरींना लाज वाटते.

प्रश्न : मुलगे कमी पडतात. मुलीनं पुरुषाचं काम केलं तर लोक नावं ठेवतील का? (तासगाव)

उत्तर : कसली नावं? बालगंधर्व नागठाण्याचे, तुमच्यापासून लांब नाही, पुरुष असून बायकांची कामं करायचे, आणि त्यांच्या शेल्याची-शालूची फॅशन घरंदाज बायका करायच्या असं आपले आजी-आजोबा कौतुकानं सांगायचे. उलटं पण होऊन गेलंय, फक्त बायकांच्या नाटक मंडळ्या होत्या आणि त्यात पुरुषांची कामं बायकाच करायच्या. तेव्हा बिनधास्त द्या. फक्त मिशी लावून आवाज जाड करायच्या फंदात पडू नका. मुलीनं आपल्याच आवाजात, पण समोरच्याचं बोलणं मधेच तोडत, खुर्ची अडवून बसत काम केलं की कांचनभट उभा राहतो. मिशीचा गोंद तिसऱ्या प्रवेशात सुटतोच, प्रेक्षक मग तेवढंच बघतात.

प्रश्न : माईक कसे लावावे? कॉलर माईकचं भाडं झेपत नाही. (सातारा)

उत्तर : नका लावू. स्टेजच्या पुढच्या कडेला दोन-तीन आणि वरून दोन, झालं. ऑर्गन-तबल्याला वेगळा माईक देताना साउंडवाल्याला दम देऊन ठेवा, त्याचा हात वाद्यांचा आवाज वाढवायलाच जातो, का कुणास ठाऊक. एक तालीम माईकशिवाय घ्या आणि स्वतः शेवटच्या रांगेत बसा, जो शब्द ऐकू आला नाही तो वहीत लिहा. बहुतेक शब्द वाक्याच्या शेवटचे निघतील, मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि पोरं तिथंच श्वास सोडतात.

प्रश्न : नांदी ठेवायची का? वेळ जातो आणि मुलांना ती कळत नाही. (सांगली)

उत्तर : नांदी म्हणजे नाटकाच्या सुरुवातीचं देवाचं स्तवन, ते ठेवा, आणि सगळ्यांना उभं करा, बॅकस्टेजची पोरं पण, इस्त्रीवाली, प्रॉपर्टीवाली, सगळी. शाकुंतलातली ‘पंचतुंड’ घेणार असाल तर अर्थ एका तालमीत नीट सांगा, शंकराचं वर्णन आहे, अवघड नाही, शब्द जोडून आलेत म्हणून घाबरायला होतं. फायदा असा की पहिल्या ओळीत पोरांचे घसे मोकळे होतात, साउंडवाला अंदाज घेतो, उशिरा येणारे लोक खुर्च्या शोधून बसतात आणि ऑर्गनचा एखादा सूर अडकत असेल तर तो नाटक सुरू व्हायच्या आत कळतो. धूप फिरवायचा असेल तर आधी थिएटरच्या माणसाला विचारून ठेवा, काही ठिकाणी स्मोक अलार्म बसवलेत आणि ते नांदीची वाट बघत नाहीत.